वडिलांच्या नावाचा रकाना

आल्ड्रिनचा फोन रात्री दोनला येतो.
तिकडे टोरांटोत तेव्हा संध्याकाळ.
"एस्पीआंटी, तो पूर्वज शोध ना,
लिस्बनहून आला तो.
एजंट म्हणतो एक कागद पुरे."

वॉर्ड ऑफिसात एकतीस वर्षं मी
जन्ममृत्यूच्या खिडकीत बसले.
कसर आधी कुठल्या पानाला लागते,
जेवणाची वेळ झाली की कारकुनाचं अक्षर कसं कलतं,
आणि घाईत बाप कसा गाळला जातो,
हे मला कुणी शिकवायला नको.

कोळेकल्याणच्या देवळात मागच्या खोलीत एक पेटी.
वर मेणबत्त्यांचे तुकडे, नाताळच्या गोठ्यातली मोडकी मेंढी.
फादर म्हणाले, मूळ वही वसईच्या लढाईत गेली,
ही नक्कल. किंवा नकलेची नक्कल.
तीन शनिवार गेले.
शेजारी थोरल्या भावाची जुनी डिक्शनरी,
तिच्यात पहिल्यांदा आमचंच आडनाव पाहिलं.
फुर्ताडो: चोरलेला.
मला हसू आलं.
पपा तर उसनी आणलेली वाटी
रिकामी परत करायलासुद्धा लाजायचे.

चौथ्या शनिवारी सापडलं.

एक मुलगा, वय सुमारे सात.
नाव ठेवलं मान्युएल.
धर्मबाप गास्पार फुर्ताडो, लिस्बनचा,
किल्ल्यावर दारूगोळ्याचा हिशेबनीस.
बाप अन्यधर्मी, मयत, नाव...
इथे कसर.
शेवटचं अक्षर तेवढं राहिलंय, 'या'.
हिऱ्या, धर्म्या, चांग्या,
कोणीही.

चौदा पानांपुढे हिशेबनीस पुरलेला आहे.
ताप, दोन दिवस. बायको नाही. मूल नाही.
म्हणजे जहाजातून उतरला तो निपुत्रिक गेला
आणि आम्ही एवढे सगळे,
कबरस्तानातले धरून तीनशेच्या वर,
त्याचं नाव लावून
लग्नात फुगे तळत बसलोय.

त्याच्यावर मला रागावता येईना.
एकदा दुपारी, खिडकी बंद करायच्या घाईत,
एका बिगाऱ्याच्या मुलीच्या दाखल्यावर
मी आडनाव लिहिलं ते त्याच्या मुकादमाचं.
मुकादमच सोबत आला होता, तोच बोलत होता.
बिगाऱ्याला वाचता येत नव्हतं.
त्याने दोन्ही हातांनी कागद घेतला,
कपाळाला लावला.
ती मुलगी आता पस्तिशीची असेल.
तिच्या भावांनीही तेच लावलं असेल, त्यांच्या मुलांनीही.
उद्या कुणी शोधत आलं
तर माझं अक्षर सापडेल. सुरेख आहे.

आमचं शेत धावपट्टीखाली आहे.
सातबारा कपाटात, लुगड्यांच्या घडीत.
आल्ड्रिन गेला तेव्हा विमान बहुतेक
आमच्याच बांधावरून उठलं.
मी गच्चीवर उभी होते. त्याला ते माहीत नाही.

काल परत फोन.
"मिळाला?"
"मिळाला," म्हटलं, "सात वर्षांचा आहे."
तिकडे कुणीतरी भांडी लावत होतं, तेवढाच आवाज.
मग तो म्हणाला, "आंटी, लिस्बनहून आला तो?"
"हा कुठून आला नव्हता रे."

फॉर्म टेबलावर आहे, वर चष्म्याची डबी.
बाकी सगळं भरून झालंय, शाईने, सवयीच्या अक्षरात.
फक्त त्या मुलाच्या बापाच्या रकान्यात
पेन्सिलीने लिहिलंय,
कसरीने ठेवलं तेवढंच:

या.